हंड्याला लागलेला पाय

सिनेमा वाईट आहे हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळतं आणि तरी मी शेवटपर्यंत बसतो, कारण बाहेर ऊन असतं. आमच्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत, आणि दुष्काळाच्या त्या वर्षांत निम्मं शहर याच कारणानं सिनेमाला जायचं. मार्चपासून डांबर चपलेला चिकटायला लागलं, की नव्यानं झालेल्या मॉलमधल्या थेटरात थंड हवा खायला माणसं रांग लावायची. पडद्यावर काय चाललंय याच्याशी फार थोड्यांना देणंघेणं होतं. मला होतं. आमच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी आणि नवा सिनेमाही शुक्रवारीच लागायचा, त्यामुळे पहिला शो बघून येऊन गल्लीला निकाल सांगायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. मी स्कूटर स्टँडला लावायच्या आत कुणीतरी विचारायचं, ‘कसाय?’ मी म्हणायचो, ‘भंगार.’ लोक तरी जायचेच, आणि परत आल्यावर मलाच शिव्या घालायचे, जणू सिनेमा मीच काढला होता.

माझी मतं तेव्हाही स्पष्ट होती आणि आजही आहेत. ज्या सिनेमात हिरो गरीब असतो पण त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही, तो भंगार. ज्यात म्हातारी आई सुरुवातीलाच खोकते आणि मध्यंतरानंतर ती जाणार हे तिकीट फाडणाऱ्यालाही माहीत असतं, तोही भंगार. पण सगळ्यात वाईट म्हणजे दुष्काळावरचा सिनेमा. असा एक मी पाहिला. त्यातल्या जमिनीच्या भेगा इतक्या सुबक होत्या की फरशीवाल्याला बोलावून आखून घेतल्या असाव्यात. त्यात एक धनगर होता. भर मे महिन्यात खांद्यावर घोंगडी टाकून तो टेकडीवर उभा राहायचा आणि क्षितिजाकडं बघत बसायचा. माझे वडील धनगर. वैजापूरकडच्या आमच्या गावातून मेंढरं घेऊन पाण्यामागं हिंडण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना क्षितिजाकडं बघताना मी कधी पाहिलं नाही. ते मेंढरांकडं बघायचे, कारण नजर काढली की मेंढरू दुसऱ्याच्या कपाशीत शिरतं.

टीव्ही मात्र मला आवडतो. हे सांगितलं की शिकलेली माणसं माझ्याकडं दयेनं बघतात. मालिका खोटी असते हे मला कळत नाही असं त्यांना वाटतं. कळतं की. पण मालिका रोज संध्याकाळी घरी येऊन तोंडावर खोटं बोलते. सिनेमा तुम्हाला तीन तास अंधारात कोंडून खोटं बोलतो आणि वर गप्प बसा म्हणतो. मालिका बघताना कांदा चिरता येतो, दाणे फोडता येतात, पात्राला शिवी देता येते आणि दुसऱ्या दिवशी त्याच पात्राची काळजीही करता येते. आमच्या गल्लीत एका मालिकेनं जे काम केलं, ते सगळ्या सिनेमांना मिळून जमलं नसतं. ते काम म्हणजे माझ्या आईचं आणि समोरच्या काकूंचं भांडण मिटवायचं.

पुंडलिकनगरच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. शहर तेव्हा बघता बघता पुढं सरकत होतं. आज जिथं ज्वारी दिसली तिथं दिवाळीनंतर प्लॉटचे दगड दिसायचे. शहर पुढं गेलं आणि पाण्याची पाइपलाइन मागं राहिली, तशी आमची गल्ली टँकरवर आली. घरात मी आणि आई दोघंच. वडील मेंढरांमागं, त्यांना स्लॅबखाली झोप येत नसे. समोरच्या घरात काकू आणि त्यांचा मुलगा. काकू सिल्लोडकडच्या, कपाशी-मक्याच्या शेतकरी घरातल्या, आईपेक्षा बऱ्याच लहान. आई गावाहून शहरात आली तेव्हा तिला इथं एकच माणूस मिळालं, ते म्हणजे काकू. एकीनं भाकरी थापली की दुसरी कोरड्यास घेऊन यायची. दुपारचा चहा एकाच पातेल्यात व्हायचा, फक्त पातेलं कोणाच्या घरातलं एवढाच प्रश्न असायचा.

टँकर शुक्रवारी यायचा, पण सकाळी कधी ते ड्रायव्हरलाही माहीत नसायचं. म्हणून बायका हंडे रांगेत ठेवून घरी जायच्या. पहिल्या वर्षी यावरून फार भांडणं झाली. कुणाचा हंडा मागं गेला, कुणाचा गटारीत मिळाला. तेव्हा आईनं गल्लीला नियम घालून दिला. आमच्या गावाकडं हौदावर मेंढरं पाजताना ज्याची पाळी असेल तो आपली काठी हौदाला टेकवून ठेवायचा. माणूस लिंबाखाली झोपला तरी काठी उभी आहे तोवर पाळी त्याची. त्या काठीला दुसरा हात लावत नसे. आईनं रांगेसमोर उभं राहून सांगितलं, “हंडा उभा हाय म्हंजी बाई उभी हाय.”

गल्लीला हे पटलं. जरा जास्तच पटलं. बायका हंड्यांशी माणसांसारख्या वागायला लागल्या. बाळंतपण जवळ आलेल्या एकीच्या घागरीला रांगेत न विचारता सावलीतली जागा मिळायची. शाळेतल्या मॅडमच्या कळशीपासून बाकीच्या कळश्या जरा अंतर राखून असायच्या. कोपऱ्यावरच्या खोलीत एकटा राहणारा कॉलेजातला मुलगा होता, त्याचा हंडा एखाद्या नव्या सुनेच्या हंड्याला चिकटून उभा राहिला की कुणीतरी येऊन मधे वीट ठेवून जायचं. एकदा दोन जावांचं भांडण झालं तर त्यांचे हंडे आठवडाभर एकमेकांकडं पाठ करून उभे होते. हंड्याला पाठ कुठली, हे मला विचारू नका. रांगेतल्या सगळ्या बायकांना ती दिसत होती.

अशातच एका शुक्रवारी आई दोन भरलेल्या कळश्या घेऊन रांगेतून बाहेर निघाली, एक कमरेवर, एक हातात. वाटेत काकूंचा स्टीलचा हंडा होता. आईनं तो पायानं जरासा बाजूला सारला.

आपल्याकडं चुकून कुणाला पाय लागला, तर आपण लगेच वाकून त्याला हात लावतो आणि तो हात कपाळाला नेतो. समोरचा म्हणतो, असू द्या, असू द्या. एका श्वासात आटपणारं काम. आईचे दोन्ही हात अडकलेले होते. कळश्या घरात ठेवून ती बाहेर आली तोवर काकू हंड्याजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“आक्का, तुम्ही मला लाथ मारली,” काकू म्हणाल्या.

“तुला कुठं? हंड्याला लागला पाय.”

“हंडा म्हंजी बाई, हे कोण म्हनलं व्हतं?”

सगळी रांग आईकडं बघायला लागली. नियम तिचाच होता. तो मोडावा तर उद्यापासून परत हंडे गटारीत. तो पाळावा तर तिनं भर रस्त्यात शेजारणीला लाथ मारली होती. आई एवढी हुशार बाई, पण तिला दोन्हीकडून वाट दिसेना. तिनं तिसरीच वाट धरली. हंड्याच्या पोटाला एक पोचा होता, त्याच्याकडं बोट दाखवून ती म्हणाली, “ह्यो पोचा माझा नाय. तू सिल्लोडहून आनलास तवाचा हाय.” पोच्याचा विषय काकूंनी काढलेलाच नव्हता. तो निघाल्यावर मात्र त्यांना त्याचंही वाईट वाटलं.

त्या दिवसापासून अबोला. आधी ती बोलल्याशिवाय मी बोलणार नाही, असं दोघींनीही जाहीर केलं, त्यामुळे प्रश्न कायमचा मिटला. मला वाटलं आठ दिवस चालेल. एक उन्हाळा गेला, नावाचा पावसाळा गेला, परत उन्हाळा आला. दुपारी आई सवयीनं चहाला दोन कप पाणी ठेवायची आणि उकळायच्या आधी एक कप परत माठात ओतायची. मला ते बघवायचं नाही. पण मधे पडायला गेलो की ती म्हणायची, “तू तुझे सिनेमे बघ.”

म्हणून मी सिनेमाच वापरायचं ठरवलं. जिवाभावाच्या दोन मैत्रिणींची ताटातूट आणि शेवटी भेट, असा एक गाजावाजा झालेला सिनेमा आला होता. पेपरात लिहून आलं होतं की रुमाल घेऊन जा. मी दोघींना वेगवेगळं गाठून, थंड हवेचं आमिष दाखवून तयार केलं आणि थेटरात मधल्या खुर्चीवर मी बसलो. माझी कल्पना अशी की रडू आलं की दोघींचे हात आपोआप पुढं येतील आणि मी पॉपकॉर्न आणायला उठून जाईन.

इतका वाईट सिनेमा मी आयुष्यात पाहिला नाही. एकमेकींपासून तुटलेल्या त्या मैत्रिणी परदेशात, वेगवेगळ्या पुलांवर उभं राहून, वाऱ्यात केस सोडून दुःख करत होत्या. आईनं मला विचारलं, “ह्या कामं कवा करतात?” काकूंनी दुसऱ्या कानात विचारलं, “हिच्या घरी सैपाक कोण करतं?” मध्यंतराला दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं की दुसरीला घरी जायचं असेल तर आपली काही हरकत नाही. शेवटी मैत्रिणी भेटल्या आणि पाऊस आला. साधा नाही, टँकरनं पाडतात तसला. नुसतं धो धो पाणी. त्या दोघी मिठी मारून भिजतायत, रस्ता वाहतोय, एक फुटलेला नळ कारंज्यासारखा उडतोय. थेटरात मागून कुणीतरी ओरडलं, “अरं बादली लावा रे!” सगळं थेटर हसलं. आई हसली नाही, काकूही नाही. दोघी पुढं सरकून, खुर्चीचा दांडा धरून त्या नळाकडं बघत होत्या. “बंद कर की मेले,” दोघी एकदमच म्हणाल्या, पडद्याला. मग दोघींना कळलं की आपण एकदम बोललो, आणि दोघींनी तोंड फिरवलं. घरी येताना एक रिक्षानं आली, एक माझ्या स्कूटरवर.

सिनेमाचा काही उपयोग नाही, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. पण पडद्याला उद्देशून बोललं तर अबोला मोडत नाही, हे त्या दोघींना त्याच दिवशी कळलं असावं.

पुढचं काम वीजवाल्यांनी केलं. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं, आणि आमची गल्ली मधोमध चिरलेली. आमच्या बाजूची वीज एका फीडरवर, काकूंच्या बाजूची दुसऱ्या. त्या उन्हाळ्यात वेळापत्रक असं लागलं की संध्याकाळी मालिकेच्या वेळेला आमची बाजू अंधारात आणि समोर उजेड. मालिका दोन जावांची होती. मोठ्या वाड्यात राहणाऱ्या, सकाळी उठल्यापासून जरीच्या साड्यांत. धाकटीचा अपमान झाला होता आणि मोठी माफी मागेल की नाही यावर कित्येक आठवडे निघाले होते. मोठीनं मान वळवली की वीज चमकायची, तीन वेळा, तीन बाजूंनी. मला मालिका फार आवडायची. कथा अशी हळू चालली की बघणाऱ्याला विचार करायला सवड मिळते.

पहिल्या दिवशी आई अंधारात बसून समोरून येणारा आवाज ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर गेली. तिसऱ्या दिवशी शीर्षकगीत सुरू झालं आणि ती उठून गल्ली ओलांडून गेली, काकूंच्या उंबऱ्यावर बसली आणि तोंड सरळ टीव्हीकडं करून म्हणाली, “काल काय झालं म्हनं?” हे तिनं टीव्हीला विचारलं होतं. मी तिच्या मागोमाग गेलो होतो, मी ऐकलं.

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यासुद्धा टीव्हीलाच म्हणाल्या, “काल कायबी नाय. मोठी नुसती उभी व्हती.” मग उठून त्यांनी टीव्हीचं स्टूल थोडं फिरवलं, उंबऱ्यावरून दिसेल असं, आणि एक पाट सरकवून ठेवला. तो पाट आईसाठी ठेवला असं कुणालाही म्हणता आलं नसतं. तो नुसता ठेवला होता.

असं रोज सुरू झालं. सुरुवातीला बोलणं खरंच मालिकेचं होतं. मग हळूहळू त्यात पाणी शिरलं. एके दिवशी पडद्यावरची मोठी जाऊ पूजेचं ताट घेऊन उभी होती आणि सासू तिला जाब विचारत होती. आई टीव्हीला म्हणाली, “आता दोन्ही हातात भरल्या कळश्या असल्यावर मानूस काय हातानं सरकवंल?”

मालिकेत कळशी नव्हती. वाड्यात तर नळाला चोवीस तास पाणी असावं, कारण ती माणसं दिवसातून तीनदा कपडे बदलायची. काकूंनी हातातली भाजी खाली ठेवली. मग टीव्हीला म्हणाल्या, “हात अडकले व्हते, कबूल. तोंड तर रिकामं व्हतं. सरक गं बाई, यवढंच म्हनायचं व्हतं.”

जाहिराती लागल्या. दात घासणारं एक कुटुंब आलं आणि हसायला लागलं. आई त्या कुटुंबाला म्हणाली, “घाई व्हती. ओझं व्हतं.” काकू त्याच कुटुंबाला म्हणाल्या, “ओझं उतरवून आल्यावर तरी?” कुटुंब दात दाखवत राहिलं.

मी भिंतीला टेकून हे सगळं ऐकायचो. आयुष्यात इतके पैसे टाकून सिनेमे पाहिले, पण असा संवाद मला कुठं ऐकायला मिळाला नव्हता. गल्लीतल्या एकीनं मला विचारलं, मालिकेत काय चाललंय. मी सांगितलं की हंडा मुद्दाम लाथाडला की ओझ्यामुळे, यावर अडलंय. तिनं घरी जाऊन सगळे चॅनल फिरवून पाहिले आणि काकूंच्या टीव्हीवर वेगळी मालिका दिसते असं गल्लीत सांगितलं. पोच्याचा निकाल एका रडण्याच्या प्रसंगात लागला. काकूंनी टीव्हीला सांगितलं की तो आधीचाच होता, माहेरून येताना एसटीच्या टपावर बसलेला. आईनं मान हलवली आणि पडद्यावर रडणाऱ्या सासूला म्हणाली, “बरं झालं सांगितलंस बाई.”

एकदा वेळापत्रक उलटं झालं, काकूंची बाजू अंधारात आणि आमच्याकडं उजेड. मालिका सुरू झाली तशा काकू आमच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. आईनं चहाला दोन कप पाणी ठेवलं आणि त्या दिवशी परत माठात काही ओतलं नाही. चहा उंबऱ्याजवळ ठेवून ती टीव्हीला म्हणाली, “घेनाऱ्यानं घ्यावा.” काकूंनी घेतला.

पण माफीवर गाडी अडलेलीच. मोठीनं वाकावं असं काकूंचं टीव्हीला म्हणणं होतं. मोठी वयानं मोठी, तिनं कसं वाकावं, असं आईचं टीव्हीला म्हणणं. मालिकावाल्यांनाही हेच सुचत नसावं, कारण तिथली मोठी जाऊही जिन्यावर उभी राहून आठवडे काढत होती.

मग एका संध्याकाळी जाहिरात चालू असताना काकू म्हणाल्या, “पोरानं फ्लॅट घेतला म्हनावं. बीड बायपासच्या बाजूला. चौथा मजला. पुढल्या महिन्यात जानार म्हनावं.”

त्या वेळी पडद्यावर एक माणूस सिमेंटच्या गोणीवर पाय ठेवून उभा होता. आईनं त्याच्याकडं बघितलं. “जा म्हनावं,” ती म्हणाली. “लिफ्ट हाय का?”

“लिफ्ट हाय म्हनावं. नळाला चोवीस तास पानी हाय.”

“मग चांगलंच हाय की.”

त्या रात्री आईनं भाकरी अर्धी टाकली. मी विचारलं तर म्हणाली, मालिका बिघडली. मी म्हणालो, आई, काकू जाणार आहेत, आता तरी जाऊन बोल. ती म्हणाली, “काय बोलू? मी तिला लाथ मारली नाय, आन हंड्याला मारली म्हनलं तर माझाच नियम खोटा व्हतो.” एवढं बोलून तिनं पाठ फिरवली. मला तेव्हा कळलं की तिला काकू गेल्याचं दुःख आत्ताच होतंय, आणि त्या जाण्याआधी हे तोंडानं मिटणार नाही. फार वाईट वाटलं मला. पडद्यावर असतं तर मी म्हणालो असतो, ओढून ताणून लांबवलंय.

त्यात मालिकेनं दगा दिला. लोक बघेनात म्हणून की काय, ती अचानक संपवली. एका संध्याकाळी मोठी जिन्यावरून उतरली, धाकटीच्या पाया पडली, धाकटी सासूच्या पाया पडली, सासू देवाच्या पाया पडली आणि सगळ्यांनी कॅमेऱ्याकडं बघून हात जोडले. संपलं. टीव्हीचा त्या दिवशी सिनेमा झाला. आई आणि काकू मान वळवली तर दुसरी दिसेल म्हणून पडद्याकडंच बघत बसल्या. “यवढ्यात?” काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तिथं गाण्याची स्पर्धा सुरू झाली. गाणाऱ्या माणसाला हंड्याबद्दल काय सांगणार? आईनं जाणं बंद केलं.

काकूंचा निघायचा दिवस शुक्रवार ठरला. सकाळीच टेम्पो येऊन गल्लीत आडवा लागला. तरीही काकूंचा हंडा रांगेत उभा होता. सवयीनं त्यांनी पहाटेच ठेवला होता, आईच्या हंड्याच्या मागं. चोवीस तास पाण्याच्या घरी निघालेली बाई टँकरच्या रांगेत हंडा लावून गेली, आणि गल्लीत कुणालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

टँकर आला आणि टेम्पोमुळे अडकला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, टेम्पोवाल्यानं वाजवला, शेवटी टँकरवाल्यानं तिथूनच नळी ओढली. काकू टेम्पोत चढून कपाटाला दोरी बांधत होत्या. रांग सरकली. आईची पाळी आली. आईनं आपला हंडा उचलून मागं ठेवला आणि नळी काकूंच्या हंड्यात सोडली. तो तुडुंब भरला. आता तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, बरोबर आईच्या पायाशी, आणि आईचे दोन्ही हात रिकामे होते.

रांगेतल्या बायका माना काढून बघायला लागल्या. मी ओट्यावर उभा होतो. टेम्पोत काकू दोरी नुसती धरून उभ्या होत्या, बांधत नव्हत्या.

आई वाकली. तिनं हंड्याला हात लावला, पोच्यापाशी, आणि तो हात कपाळाला नेला. कुणाला पाय लागला की आपण करतो तसंच, तेवढंच. फक्त मधे दोन उन्हाळे गेले होते.

“असू द्या आक्का,” काकू टेम्पोतून म्हणाल्या. “असू द्या, असू द्या.”

टीव्ही तेव्हा गाद्यांमधे गुंडाळलेला होता. त्या थेट आईशी बोलल्या होत्या.

मी सिनेमात रडत नाही. रडवायला लागले की मला पडद्यामागचा माणूस दिसतो, आता वाजवा म्हणणारा. त्या दिवशी मात्र पाऊस नव्हता, वारा नव्हता, टँकरचं इंजिन फटफटत होतं आणि टेम्पोवाला बोंबलत होता, आणि मला ओट्यावरच्या खांबाला तोंड लावून उभं राहावं लागलं.

काकू खाली उतरल्या. मग मुलगा भरलेला हंडा टेम्पोत चढवायला आला तर काकूंनी त्याला थांबवलं. “हंडा हितंच राहू दे,” त्या म्हणाल्या. “आक्का, माझा नंबर धरा.”

पुढच्या शुक्रवारी आईनं रांगेत दोन हंडे ठेवले. कुणीतरी कुरकुरलं की ती बाई आता इथं राहत नाही, तिच्या हंड्याचा नंबर कसा. आई रांगेसमोर जाऊन उभी राहिली, पहिल्या वर्षी राहिली होती तशी. “हंडा उभा हाय म्हंजी बाई उभी हाय,” ती म्हणाली. रांग पुढं सरकली, आणि नळी त्या हंड्यात गेली.

भरलेला हंडा मग माझ्याकडं आला. दर शुक्रवारी तो स्कूटरवर पायांच्या मधे धरून, निम्मं पाणी पँटवर सांडत, मी बीड बायपासकडं न्यायचो. काकूंच्या नळाला खरंच चोवीस तास पाणी होतं. तरी त्या हंडा घेऊन त्यातलं पाणी माठात ओतायच्या, मला पेलाभर तेच प्यायला द्यायच्या, आणि पोच्यावरून हात फिरवून रिकामा हंडा परत पाठवायच्या, पुढच्या रांगेसाठी. “आक्कांना सांग,” त्या म्हणायच्या, आणि काय सांगायचं ते सांगत अर्धा तास बसवून ठेवायच्या. घरी आलो की आई तेवढंच परत वदवून घ्यायची. या सगळ्यात दुपार जायची. त्या उन्हाळ्यात माझे सगळे पहिले शो हुकले, आणि गल्लीत कुणी सिनेमा कसाय विचारलं तर मला सांगता यायचं नाही.